सूर्य उगवेपर्यंत दिवे चालू ठेवा : पहिल्या पाळीच्या एका सायकलवाल्याचे खुले पत्र

प्रति,
ज्यांच्या आदेशाने रस्त्यावरचे दिवे लागतात आणि विझतात ते अधिकारी, औद्योगिक वसाहतींचे अभियंते आणि पहिली पाळी चालवणाऱ्या कारखान्यांचे व्यवस्थापक यांस

विषय : हिवाळ्यात सकाळचे पथदिवे सूर्योदयापर्यंत चालू ठेवण्याबाबत

स. न. वि. वि.

मी पुण्याजवळच्या भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत टर्नर आहे. पाळी सकाळी ७ ची. घरापासून कारखाना ११ किलोमीटर, आणि गेली १९ वर्षे मी हे अंतर सायकलने जातो. ६ वाजून ५ मिनिटांनी घर सोडतो, पावणेसातला फाटकावर पोचतो, कपडे बदलून सातच्या ठोक्याला मशीनपाशी उभा राहतो. उन्हाळ्यात या वेळेच्या सायकलीइतके सुख दुसरे नाही. पावसाळ्यात भिजायला होते, पण रस्ता दिसतो. हिवाळ्यात रस्ता दिसत नाही. पत्र लिहायचे कारण तेवढेच.

६ वाजून २० मिनिटांनी माझ्या वाटेवरचे दिवे जातात. एकेक करून नाही, सगळी ओळ एकदम. तेव्हा मी कुठे असतो ते पक्के माहीत आहे, कारण रोज तिथेच असतो. एका बाजूला लष्कराची लांबच लांब भिंत, दुसऱ्या बाजूला बाभळी, आणि मध्ये दीडेक किलोमीटर ना घर, ना दुकान, ना चहाची टपरी. हँडलवरचा माझा दिवा पुढची पाच-सात पावले दाखवतो. समोरच्या गाडीने अप्पर मारला की तेवढेही पुसले जाते. मग पुढचे काही क्षण मी फक्त आठवणीवर सायकल चालवतो. इथे डावीकडे चेंबरचे झाकण खोल बसले आहे. त्यापुढे केबलसाठी खणलेला आणि धड न बुजवलेला चर. चर संपला की ट्रकमधून सांडलेली खडी. ती रोज जागा बदलते, म्हणून तिच्यापुढे आठवणीचाही उपयोग नाही.

रस्त्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिले की पत्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरेल, त्या रस्त्यापुरते उत्तर येईल आणि विषय संपेल. मला तो एका रस्त्यापुरता संपवायचा नाही. सातपूर-अंबड, हिंगणा-बुटीबोरी, कागल, बारामती, जिथे जिथे सातच्या आत फाटकावर पोचावे लागते तिथल्या माणसांनी हे वाचले तर आपापला अंधारातला पट्टा त्यांना लगेच आठवेल.

मुळात घोटाळा घड्याळाचा आहे, असे माझे मत झाले आहे. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर धरलेली आहे. ही रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. पुणे आहे ७४ अंशांच्याही थोडे अलीकडे. एका अंशाला चार मिनिटे धरली तर आपला सूर्य आपल्या मनगटावरच्या घड्याळापेक्षा ३४-३५ मिनिटे मागे चालतो. जानेवारीच्या मध्याला कोलकात्यात सव्वासहाच्या सुमारास उजाडलेले असते. नागपुरात सातच्या आत सूर्य वर येतो. पुण्यात त्याच दिवशी सूर्योदय ७ वाजून ९ मिनिटांनी. पाळी मात्र सगळीकडे सातची, आणि दिवे विझवायची वेळ कुणीतरी कधीतरी ठरवून ठेवलेली.

‘संक्रांतीपासून दिवस तीळतीळ वाढतो’ असे आई म्हणायची आणि ते खरेच आहे. पण तो वाढतो संध्याकाळच्या बाजूने. पुण्यात वर्षातला सगळ्यात लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास होतो, सहाला दोन-तीन मिनिटे कमी असताना. तिथून पुढे संध्याकाळ हळूहळू लांबत जाते. सकाळ मात्र उलट्या दिशेने जाते. २१ डिसेंबरला सूर्य साधारण सातला उगवतो, आणि सगळ्यात उशिराचा सूर्योदय येतो तो ऐन संक्रांतीच्या दिवसांत. ऋतुचक्रातल्या त्या आठवड्यांत सूर्याची मध्यान्ह रोज थोडी थोडी पुढे सरकत असते आणि तिच्याबरोबर सकाळही पुढे ढकलली जाते. ऑफिसातून घरी जाणाऱ्याला जानेवारीत वाटते, चला, उजेड वाढला. सकाळी सहाला घर सोडणाऱ्याचा उजेड तेव्हा सगळ्यात कमी असतो. फेब्रुवारीच्या मध्यालाही पुण्यात सूर्योदय सातच्या सुमारासच असतो. थंडी गेली, स्वेटर पेटीत गेले, तरी सहा-वीसचा अंधार तसाच असतो.

सूर्योदयाच्या वीस-बावीस मिनिटे आधी झुंजूमुंजू होते आणि डांबरावरचा खड्डा दिसायला लागतो. जानेवारीच्या मध्याला ही वेळ पावणेसातची. म्हणजे सहा-वीसला दिवे गेले की पावणेसातपर्यंत निव्वळ काळोख. नेमकी याच पंचवीस मिनिटांत पहिल्या पाळीची माणसे रस्त्यावर असतात.

आता खर्चाचे बोलतो, कारण आपल्यापुढे कुठलीही मागणी नेली की पहिला प्रश्न तोच येतो. १५ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर १०६ दिवस होतात. सहा-वीसऐवजी सातला दिवे विझवले तर रोज ४० मिनिटे जादा, सगळे मिळून ७१ तासांच्या आत. रस्त्यावरचा एलईडी दिवा ९० वॉटचा धरला तर एका खांबाला अख्ख्या हिवाळ्यात साडेसहा युनिटसुद्धा लागत नाहीत. तीस मीटरला एक असे किलोमीटरला ३३ खांब धरा. होतात २१० युनिट. युनिटला दहा रुपये मोजले तरी एका किलोमीटरचा एका हिवाळ्याचा खर्च २,१०० रुपये. हा हिशेब मी जेवणाच्या सुट्टीत जॉबकार्डाच्या मागे केला आहे. आपल्याकडचे दर वेगळे असतील, वॉट वेगळे असतील, पण आकडा कितीही ताणला तरी एका माणसाच्या मनगटाच्या ऑपरेशनपर्यंत पोचत नाही.

नवे यंत्रही आणावे लागणार नाही. दिव्यांच्या फीडर पिलरमध्ये, म्हणजे रस्त्याकडेच्या वीजपेटीत, टायमर असतोच. गावाचे अक्षांश-रेखांश एकदा भरून दिले की तारखेप्रमाणे सूर्योदय-सूर्यास्त स्वतः काढणारे टायमर बाजारात मिळतात आणि पुष्कळ ठिकाणी बसलेही आहेत. कारखान्यांच्या कंपाउंडवर उजेड पाहून लागणारे-विझणारे दिवे असतात. जिथे जुना टायमर आहे तिथे वायरमनने वर्षातून दोनदा काटा फिरवायचा आहे, दिवाळीनंतर एकदा आणि शिमग्याच्या सुमाराला एकदा.

मनगटाचे म्हणालो, ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आमच्या खात्यातला एक हेल्पर अशाच पट्ट्यात पडला. बिहारचा मुलगा, वय २३, ठेकेदाराकडून लागलेला. त्याच्या सायकलला दिवाही नव्हता आणि मडगार्डही नव्हते. खडीवरून पुढचे चाक सरकले आणि तो उजव्या हातावर आला. मागून दुचाकीवाला येत होता, त्याने कशीबशी वाचवली. मनगटाची दोन्ही हाडे गेली होती. तरी तो उठला, सायकल उभी केली, वाकलेले हँडल दोन्ही गुडघ्यांत धरून डाव्या हाताने सरळ करायला लागला, कारण सातच्या पुढे पंच झाला असता तर अर्धा दिवस कापला गेला असता. मी पोचलो तेव्हा तो हँडलशी झटत होता आणि हात सुजून पावासारखा झाला होता. मी त्याला आधी खाली बसवला. तो सारखा एकच विचारत होता, ‘दादा, किती वाजले?’

त्याला प्लेट बसवावी लागली, आणि अडीच महिने तो घरी होता. सुरुवातीला ठेकेदाराच्या माणसाने सांगितले की हा फाटकाबाहेरचा अपघात, याचा कामाशी संबंध नाही. तेव्हा मला कायदा माहीत नव्हता. आता माहीत आहे, म्हणून इथे लिहितो. ज्यांना उपयोगी पडेल त्यांनी लक्षात ठेवावे. कर्मचारी राज्य विमा कायद्यात २०१० मध्ये कलम ५१ई घातले गेले. घरून कामावर जाताना किंवा कामावरून परत येताना झालेला अपघात, त्याची वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दाखवता आला तर, नोकरीतूनच झालेला धरला जातो. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला आणि या विम्यात असलेला कामगार सायकलवरून पडला तरी त्यात येतो. ठेकेदाराचा माणूसही येतो.

आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व कामगारांच्या नुकसानभरपाईच्या जुन्या कायद्यालाही लावले. ते प्रकरण आपल्याच मराठवाड्यातले आहे. साखर कारखान्याचा एक रखवालदार. पाळी पहाटे ३ ते सकाळी ११. २२ एप्रिल २००३ च्या पहाटे मोटारसायकलवरून कामावर जाताना कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात गेला. मागे बायको, मुले, आई. नुकसानभरपाई मिळायला हवी, हा मृत्यू कामाच्या ओघातलाच आहे, हे शेवटच्या पायरीवर ठरायला बावीस वर्षे लागली. पहाटे तीनच्या पाळीला माणूस बोलावला की अडीचच्या रस्त्याचा विचारही बोलावणाऱ्याने करायचा असतो, असा या निकालाचा अर्थ मी लावतो. वकील आणखी बारकावे सांगतील. मला एवढा अर्थ पुरतो.

या पट्ट्यात सायकलवाल्यांचा रस्ता नेहमीच असा एकटा नव्हता. माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. १८६९ सालचा तो कारखाना, त्याचा भोंगा आमच्या घरापर्यंत ऐकू यायचा. वडिलांच्या वेळी भोंग्याआधी रस्ता सायकलींनी भरून वाहायचा. मी लहान असताना त्यांच्या कॅरिअरवर बसून अर्ध्या वाटेवरच्या आत्याकडे जायचो, तेव्हा पुढे-मागे नुसत्या घंट्या आणि डायनॅमोची घरघर. शंभर सायकली बरोबर असल्या की एकाचा दिवा दुसऱ्याच्या उपयोगी पडतो. पुढच्याने ‘खड्डा रे’ म्हटले की मागचे दहाजण वळतात. ट्रकवालाही अशा घोळक्याला दबून असायचा.

तेव्हा सायकलवर कर होता आणि तो भरल्याचा बिल्ला सायकलला लावावा लागे. अंधार पडल्यावर दिवा नसेल तर पोलीस अडवायचे, दंड करायचे, चाकातली हवा सोडून द्यायचे. वडिलांची हवा दोनदा सोडली गेली होती. ते चिडून सांगत नसत. दिवा हवाच, म्हणत. समोरच्याला आपण दिसलो पाहिजे. ही शिकवण मी पाळतो. माझ्या सायकलला पुढे पांढरा दिवा, मागे लाल, पायडलांना पिवळे रिफ्लेक्टर, अंगात चमकत्या पट्ट्यांचे जाकीट. दर दिवाळीला ब्रेकचे रबर बदलतो. माझ्या बाजूने जेवढे करायचे तेवढे केलेले आहे. रस्त्याच्या बाजूने काय व्हावे, हे विचारायचा हक्क मला आहे असे मी समजतो.

आज तो घोळका राहिला नाही. कायम कामगारांना कंपनीच्या बस आल्या, बाकीच्यांनी दुचाकी घेतल्या. आता पहाटे सायकलवर दिसतात ते ठेकेदाराचे हेल्पर, बारा तासांचे रखवालदार, कँटीनची पोरे, बांधकामावरचे मिस्त्री, सोसायट्यांत सफाईला जाणाऱ्या बाया. एकेकटे, दोन-दोन फर्लांगांच्या अंतराने. रखवालदाराची पाळी सात ते सात. डिसेंबरात तो अंधारात येतो आणि अंधारात जातो. आठवड्याच्या सुट्टीखेरीज त्याच्या सायकलीने सूर्य पाहिलेला नसतो. हे लोक सायकल हौसेने किंवा व्यायामासाठी चालवत नाहीत. महिन्याच्या हिशेबात दुसरे काही बसत नाही म्हणून चालवतात. मला स्वतःला आज दुचाकी घेणे जमेल. मी सायकल सोडली नाही, कारण मला ती आवडते. पण माझी आवड बाजूला ठेवली तरी त्यांची गरज उरतेच.

आमच्या वस्तीतली एक ताई पॅकिंगला जाते. मुलीसाठी घेतलेली सायकल मुलगी कॉलेजला गेल्यावर तिने स्वतः चालवायला घेतली. चाळिशीत शिकली, नवरात्रात शिकली, गुडघे फोडून घेतले, पण शिकली. दसऱ्यापासून कामावर सायकलने जायला लागली तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. रिक्षाचे रोजचे ४० रुपये वाचत होते, आणि त्याहून मोठे म्हणजे कुणाची वाट पाहावी लागत नव्हती. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिने सायकल जिन्याखाली लावून टाकली. त्या भिंतीपाशी एका सकाळी कुणीतरी दुचाकी तिच्या शेजारी हळू केली, काही बोलला आणि पुढे जाऊन थांबला. तिने सायकल वळवली आणि घरी आली. तो दिवस भरला नाही. आता ती पुन्हा शेअर रिक्षाने जाते, २६ दिवसांचे हजार रुपयांच्या वर. पुरुषाला अंधारात खड्ड्याची भीती. बाईला खड्ड्याची आहेच, शिवाय माणसाची. दिवा चालू असता तर तो माणूस तिथे थांबला नसता असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण त्या रस्त्यावर तिला एकटीला आधार एवढाच होता, आणि तोही सहा-वीसला गेलेला होता.

थंडीबद्दल माझी तक्रार नाही. पुण्याची थंडी आम्हाला चालते. १७ जानेवारी १९३५ ला पुण्यात १.७ अंश तापमान नोंदले गेले, ते अजून मोडलेले नाही; एरवी दहाच्या आसपास, कडाक्याच्या दिवसांत आठ. सायकलवर वारा लागतो म्हणून ते आणखी दोन अंशांनी कमी वाटते. नदीवरचा पूल आला की थंडी पँटच्या पायांतून वर चढते, कारण जड गार हवा रात्रभर सखल भागात साचलेली असते. बोटे ब्रेकच्या दांडीवर बधिर होतात. माकडटोपी, हातमोजे, आणि वडिलांची युक्ती : कालच्या वर्तमानपत्राची घडी स्वेटरच्या आत छातीवर. दोन किलोमीटरनंतर अंग आपोआप तापते. नव्याने सुरू करणाऱ्यांना एकच सांगणे आहे, निघताना किंचित थंडी वाजेल इतकेच कपडे घाला, नाहीतर फाटकाशी पोचेपर्यंत घामाने भिजाल आणि तो घाम दुपारपर्यंत अंगावर गार होत राहील.

सोसवत नाही तो धूर. हिवाळ्यात जमिनीलगतची हवा गार आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण, असे पहाटे होते. खाली केलेला धूर त्या झाकणाखाली पसरून राहतो, वर जात नाही. ज्या वेळी हवा सगळ्यात साचलेली असते त्याच वेळी मी चढावर छाती भरून श्वास घेत असतो. आणि त्याच वेळी रस्त्याच्या कडेला फाटकाफाटकाशी शेकोट्या पेटलेल्या असतात. नुसत्या लाकडाच्या असत्या तर एक वेळ चालले असते. त्यांत पॅकिंगच्या पट्ट्या, थर्माकोल, तेलकट चिंध्या, वाळलेल्या पानांबरोबर झाडून आणलेल्या पिशव्या. हवेतल्या पीएम २.५ कणांची, म्हणजे छातीत खोल जाणाऱ्या अगदी बारीक कणांची, भारतातली चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये स्वतःची मर्यादा १५ वर आणली. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले शास्त्रज्ञ शहराच्या हवेचा अंदाज देतात. पण शेकोटीपासून चार हातांवरून जाणाऱ्याच्या छातीत काय गेले, ते शहराच्या सरासरीत दिसत नाही.

उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये त्यासाठी ५,००० रुपये दंड सांगितला, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,०००. हा दंड रखवालदाराला करा, असे मी म्हणणार नाही. त्याला रात्रभर उघड्यावर उभे केले आहे, केबिनला दार नाही, आणि हातात गरम काही नाही. तो जे सापडेल ते पेटवणारच. व्यवस्थापकांनी त्याला दार असलेली केबिन द्यावी, रात्री दोनदा चहा द्यावा, आणि पॅकिंगचा कचरा संध्याकाळीच उचलून कुलपात ठेवावा. धूर निम्म्याने कमी होईल. त्याची रात्रही निभेल.

व्यवस्थापकांना आणखी थोडे सांगायचे आहे. पुष्कळ फाटकांवर दुचाकीला पत्र्याची शेड आत असते आणि सायकल बाहेर कुंपणाला साखळीने बांधावी लागते. रात्रभराच्या दवाने सीट भिजते, चेन गंजते, आणि महिन्याला एक तरी सायकल जाते. दहा सायकलींना एका मोटारीएवढी जागा लागते. ती आत द्या. कोपऱ्यात पायाने मारायचा पंप ठेवा. १९४८ च्या कारखाने कायद्यात कामगाराचे कपडे ठेवायला आणि ओले कपडे वाळवायला जागा असावी, असा विचार कलम ४३ मध्ये केलेला होता. तेव्हाच्या लोकांना हे सुचले होते, याचे मला आजही अप्रूप वाटते. आणि डिसेंबर-जानेवारीत सायकलने येणाऱ्याला पंचिंगला दहा मिनिटांची सवलत द्या. ती कुणी उशिरा निघण्यासाठी वापरणार नाही. अंधाऱ्या पट्ट्यात पायडल जोराने मारावे लागणार नाही, एवढाच तिचा उपयोग. मनगट मोडलेला मुलगा त्या सकाळी तीन मिनिटे उशिरा निघाला होता, म्हणून वेगात होता.

गेल्या जानेवारीत, म्हणजे २०२६ च्या १९ ते २३ तारखांना, पुणे ग्रँड टूर झाली. देशोदेशीचे व्यावसायिक सायकलपटू, सगळे मिळून ४३७ किलोमीटर. मी दुसरी पाळी मागून घेतली आणि मुलीला घेऊन बघायला गेलो. घोळका समोरून गेला तेव्हा त्या वाऱ्याने अंगावर काटा आला. एवढ्या सायकली एकत्र जाताना मी वडिलांच्या कॅरिअरवरून पाहिल्या होत्या, त्यानंतर आत्ता. त्या शर्यतीसाठी जे रस्ते झाले तसे रस्ते मी इथे पाहिले नव्हते : ना सांधा, ना खड्डा, झाकणे डांबराच्या पातळीला. म्हणजे ठरवले की होते. आपले अभियंते आणि आपले मजूर हे करू शकतात, हे मी डोळ्यांनी पाहिले, आणि त्याचा मला अभिमान वाटला. त्याच आठवड्यात सूर्योदय ७ वाजून ९ मिनिटांचा होता आणि त्याच आठवड्यात रोज सहा-वीसला माझे दिवे जात होते. पुण्याचा सायकल आराखडा डिसेंबर २०१७ मध्ये मंजूर झाला आहे, सुमारे ८२४ किलोमीटरच्या जाळ्याचा. तो होईल तेव्हा आनंदच आहे. पण दिव्यासाठी आराखडा लागत नाही, भूसंपादन लागत नाही, निविदाही लागत नाही.

कार्तिकात काकड्याला निघालेली माणसे आणि आळंदीच्या वारीला पायी चाललेले वारकरी याच अंधारात माझ्या बाजूने चालत असतात. त्यांच्यातला एखादा हातातली बॅटरी मुद्दाम माझ्या चाकापुढे धरतो, खड्डा संपेपर्यंत. ओळख नसते. ‘माउली’ म्हणतो आणि पुढे जातो. ते चार-सहा दिवस मी निर्धास्त असतो.

मागणी पुन्हा एकदा सरळ लिहितो. १५ नोव्हेंबरपासून फेब्रुवारी संपेपर्यंत, औद्योगिक वसाहतींकडे जाणाऱ्या प्रत्येक रस्त्यावरचे दिवे सकाळी सूर्योदयाच्या वेळेपर्यंत चालू राहावेत. जिथे वस्ती नाही, जिथे भिंत आहे, पूल आहे, बाभळी आहेत, तिथून सुरुवात व्हावी. वेळ बदलल्याचा आदेश आणि फीडरची यादी वसाहतीच्या फलकावर लावावी, म्हणजे दिवा लवकर विझला तर कुणाला सांगायचे ते आम्हाला कळेल.

कळावे.

आपला,
पहिल्या पाळीचा एक कामगार

ता. क. : माझ्या वाटेवरच्या ज्या पट्ट्याबद्दल लिहिले तिथे ५१ खांब आहेत. त्यातले सात मुळात लागतच नाहीत. सगळ्यांचे नंबर मी रविवारी उजेडात जाऊन वहीत उतरवून घेतले आहेत, चेंबर आणि चर कुठल्या दोन खांबांच्या मध्ये आहे तेही. ज्या कार्यालयाला यादी हवी असेल तिथे साडेतीनला पाळी सुटली की मी स्वतः घेऊन येईन. सायकल आत लावू द्यावी.